स्वस्त डेस्कटॉप घ्यावा का? आधी कॅबिनेट उघडून बघू

या वेळी आलेल्या पत्रांमधली बरीचशी स्वस्त डेस्कटॉपवरच आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि आज फक्त हाच विषय. पाच पत्रं निवडलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण त्यातलं निम्मं बाकीच्या चौघांनाही लागणार आहे.

प्रश्न: नमस्कार ताई. घरात एक डेस्कटॉप घ्यायचाय. मुलगी कॉलेजला आहे, तिची प्रोजेक्टं, माझा हिशोब आणि थोडं टायपिंगचं काम, आणि ह्यांच्या ऑनलाइन मीटिंगा. एका फारशा माहीत नसलेल्या कंपनीचा सेट बघितला, मोठ्या ब्रँडच्या जवळजवळ निम्म्या किमतीत. लिहिलंय लेटेस्ट प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबी स्टोरेज, कीबोर्ड-माऊस-स्पीकर फ्री. हे म्हणतात घेऊन टाकू, भाऊ म्हणतो असल्या डब्यात पैसे घालू नकोस. घ्यावा का?

उत्तर: तुमचे हे आणि तुमचा भाऊ, दोघंही बरोबर असू शकतात, कारण स्वस्त डेस्कटॉप हा काही एकच प्रकार नाहीये. एक मशीन असं असतं की कंपनीने जाहिराती, दिखाऊ कॅबिनेट, सर्व्हिस सेंटरचं मोठं जाळं यावरचा खर्च टाळलाय आणि आतले पार्ट साधे पण सरळ, कुठेही बदलून मिळणारे टाकलेत. दुसरं असं की जाहिरातीत जे चार शब्द छापायचे असतात तेवढेच पार्ट दाखवण्यापुरते घेतलेत आणि ज्यांचं नाव गिऱ्हाईक कधी विचारतच नाही तिथे सगळी कात्री लावलीय. बाहेरून दोन्ही काळे डबेच दिसतात. म्हणून ब्रँड छोटा की मोठा हे मी नंतर बघते, आधी विचारते की पैसे वाचवले ते नेमके कुठे.

आणि ही कात्री सगळ्यात आधी लागते ती एसएमपीएसला, म्हणजे कॅबिनेटमधला तो पत्र्याचा चौकोनी डबा ज्यात मागून वीज जाते. भिंतीतली वीज घेऊन तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून तो मदरबोर्ड (सगळे पार्ट जोडणारी मुख्य पाटी, तिलाच पुढे बोर्ड म्हणते), डिस्क, फॅन सगळ्यांना देतो, म्हणजे आतला एकूण एक पार्ट त्याच्या जिवावर चालतो. चांगल्या एसएमपीएसमध्ये व्होल्टेज वाढलं किंवा शॉर्ट झालं तर स्वतःच बंद होण्याची सोय असते. अगदी स्वस्तात ती सोय गाळलेली असते, फिल्टरचे पार्ट कमी असतात, वरच्या स्टिकरवर मात्र ४५० किंवा ५०० वॅट झोकात छापलेलं.

माझा पहिला डेस्कटॉप असाच होता. दीड वर्ष कुरकुर नाही काही नाही, मग एका संध्याकाळी फट् आवाज आला, जळका वास सुटला आणि स्क्रीन काळी. एसएमपीएस उडाला होता आणि जाताना मदरबोर्ड आणि हार्डडिस्क दोन्ही घेऊन गेला. त्या डिस्कवर वडिलांच्या आवाजातली गाणी होती, मीच बसून रेकॉर्ड केलेली, आणि दुसरी कॉपी कुठेच नव्हती. ती परत मिळाली नाहीत. नंतर तो डबा खोलून हातात घेतला तर इतका हलका की आत काही आहे की नाही असं वाटावं. तेव्हापासून कुणीही कॉम्प्युटर दाखवला की मी पहिल्यांदा मागचं झाकण काढायला लावते.

तुमच्या कामाला मोठा वॅटचा आकडा लागतही नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला घरगुती डेस्कटॉप रोजच्या कामात मॉनिटर सोडून साधारण ३० ते ६० वॅट खातो, खूप ताण आला तरी शंभर-दीडशेच्या आतबाहेर. म्हणजे खरोखरचे ३०० वॅट देणारा एसएमपीएस स्टिकरवरच्या ५०० पेक्षा कधीही चांगला. ८० प्लस नावाचं एक प्रमाणपत्र २००४ पासून आहे, त्याच्या साध्या पातळीचा अर्थ असा की २०, ५० आणि १०० टक्के लोडवर तो घेतलेल्या विजेपैकी निदान ८० टक्के वीज पुढे देतो. हे चिन्ह म्हणजे आयुष्याची गॅरंटी नाही, पण ज्याने हे प्रमाणपत्र घेतलंय त्याने आत काहीतरी नीट भरलंय एवढं तरी कळतं. एसएमपीएसची कंपनी कोणती असं विचारल्यावर विकणाऱ्याला उत्तरच देता येत नसेल तर मला तिथेच शंका येते.

आता ते १ टीबी. फक्त स्टोरेज लिहिलंय, हार्डडिस्क की एसएसडी ते लिहिलेलं नाही, म्हणजे बहुतेक हार्डडिस्क. आकडा मोठा दिसतो म्हणून छान वाटतं, पण रोज बसणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर वेगवान वाटतो की रडत चालल्यासारखा वाटतो हे बऱ्याच अंशी याच एका पार्टवर ठरतं. हार्डडिस्कमध्ये चकती फिरते आणि वाचणारा दांडा हलून योग्य जागी जातो, मिनिटाला ७२०० वेळा फिरणारी डिस्क असली तरी एकेक तुकडा शोधायला साधारण १२-१३ मिलिसेकंद जातात. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, तिथे हेच काम ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास होतं. विंडोज सुरू होताना असे हजारो बारीक तुकडे वाचावे लागतात, तेव्हा हा फरक मिनिटांत जाणवतो. २५६ जीबीची एसएसडी १ टीबीच्या हार्डडिस्कपेक्षा तुमच्या घरासाठी जास्त कामाची. जागा कमी पडली तर नंतर दुसरी डिस्क लावता येते, डेस्कटॉपचा फायदाच तो आहे.

रॅम ८ जीबी तुम्हाला सध्या पुरेल. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे पण त्यात ब्राउझरचे दहा टॅब आणि व्हिडिओ कॉल एकदम चालू केले की मशीन घुसमटतं, त्यामुळे ४ जीबीचं कुणी कितीही स्वस्त देत असेल तरी घेऊ नका. विचारायचं ते हे की ८ ची एक स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, आहे की ४-४ च्या दोन, आणि ती बसवायचे बोर्डवर स्लॉट किती. दोन स्टिक असल्या की ड्युअल चॅनेलमुळे, म्हणजे दोन्ही रस्त्यांनी एकदम काम चालल्यामुळे, वेग थोडा जास्त मिळतो हे खरं, पण स्लॉट दोनच असतील तर मी एकच ८ ची स्टिक आणि एक रिकामा स्लॉट पसंत करेन, पुढे अजून एक ८ टाकली की १६ झाले, जुनं काही काढावं लागत नाही.

प्रोसेसरचं म्हणाल तर लेटेस्ट या शब्दाला काही अर्थ नाही, पूर्ण नंबर लिहून मागा. नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल तर विषय तिथेच संपला. कसा वाचायचा ते खाली दुसऱ्या उत्तरात सांगितलंय.

अजून एक गोष्ट जी लॅपटॉप वापरलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. डेस्कटॉपला कॅमेरा नसतो, माइक नसतो, आणि स्वस्त डेस्कटॉपला बऱ्याचदा वाय-फायही नसतं. ह्यांच्या मीटिंगा आहेत म्हणजे वेबकॅम आणि माइकवाला हेडफोन लागणार, राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर वाय-फायचा डोंगल लागणार, वीज जाता क्षणी मशीन बंद पडू नये म्हणून छोटा यूपीएस लागणार. हे सगळं धरलं की निम्म्या किमतीतली निम्मी राहत नाही. त्याच्यापुढे फ्री स्पीकरचं मला काही वाटत नाही. विंडोजचंही विचारा, लायसन्ससकट आहे की नुसतं टाकून दिलंय. लायसन्स नसेल तर तो खर्चही वेगळा, आणि चोरीचं विंडोज क्रॅक करणाऱ्या फाईलींमधून काय काय आत येतं ते मी इतक्यांदा साफ केलंय की त्याला माझा ठाम नकार आहे, ज्या मशीनवर हिशोब आणि बँकेचे व्यवहार होणार त्यावर तर नाहीच नाही.

भावाची ब्रँडबद्दलची काळजी मला समजते, पण तिचा इलाज महाग ब्रँड हा नाही. ई-मशीन्स म्हणून एक स्वस्त डेस्कटॉपचाच ब्रँड होता, १९९८ मध्ये सुरू झाला, नेव्हर ऑब्सोलिट म्हणजे कधीच जुना होणार नाही असं स्टिकर लावून विकला जायचा. २००४ मध्ये गेटवेने ती कंपनी घेतली, २००७ मध्ये एसरने गेटवेच घेतली आणि २०१३ मध्ये एसरने ते नाव बंद करायचं जाहीर केलं. नावं अशी येतात आणि जातात. तेव्हा कंपनी राहील का यापेक्षा कंपनी उद्या नसली तरी माझं मशीन कुणाकडेही दुरुस्त होईल का, हे बघा. साध्या एटीएक्स मापाचा (बाजारात सगळीकडे चालणारं ठरलेलं माप) एसएमपीएस, २४ पिनांचं नेहमीचं कनेक्टर, नेहमीच्या मापाचा मदरबोर्ड असेल तर पाच वर्षांनी कुठलाही पार्ट गेला तरी तेवढाच बदलून मशीन चालू होतं. आत सगळं बोर्डवर सोल्डर केलेलं किंवा वेगळ्याच आकाराचं असेल तर एक पार्ट गेला की सगळंच गेलं.

मी तुमच्या जागी असते तर विकणाऱ्याला एवढंच सांगितलं असतं की झाकण काढा, हार्डडिस्कऐवजी एसएसडी टाका, एसएमपीएस नाव असलेला बसवा, वरचा फरक मी देते, आणि बिलावर प्रत्येक पार्टचं नाव आणि वॉरंटी वेगवेगळी लिहा. हे मान्य केलं तर घ्या, छोटी कंपनी असली तरी चालेल. झाकण उघडलं तर वॉरंटी जाईल असं म्हणाला तर सोडून द्या.

प्रश्न: ताई, मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. कोडिंग शिकतोय, अधूनमधून गेम. एक जण नवीन असेम्बल्ड पीसी देतोय, आय७, १६ जीबी, ५१२ एसएसडी, वॉरंटीसकट, आणि किंमत नवीन आय३ च्या पीसीपेक्षाही कमी. मित्र म्हणतात आय७ तो आय७, डोळे झाकून घे. पण इतकं स्वस्त कसं?

उत्तर: तुला शंका आली हे फार चांगलं झालं. आय७ हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरच्या घराण्याचं नाव आहे, त्यावरून वय कळत नाही. पहिला आय७ २००८ मध्ये आला होता, तोही आय७च.

वय कळतं पुढच्या आकड्यावरून. चार आकडी नंबर असेल तर पहिला आकडा म्हणजे पिढी, पाच आकडी असेल तर पहिले दोन. म्हणजे आय७-२६०० दुसऱ्या पिढीचा, आय५-८५०० आठव्या, आय३-१२१०० बाराव्या. इंटेलने आता अल्ट्रा वगैरे नवीन नावं काढलीत तिथे हा हिशोब लागत नाही, पण तुला जे दाखवलं जातंय तिथे नक्की लागतो. माझा अंदाज असा की तो २६०० किंवा ३७७० असणार, कुठल्यातरी ऑफिसच्या जुन्या मशीनमधून काढलेला, आणि त्याच्याखाली नव्याने बनवलेला एच६१ या जुन्या चिपसेटचा बोर्ड. बोर्ड नवीन, कॅबिनेट नवीन, खोका नवीन, म्हणून पीसी नवीन.

आय७-२६०० जानेवारी २०११ चा आहे, चार कोअर (काम करणारे भाग), आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं). आय३-१२१०० जानेवारी २०२२ चा, त्यालाही चार कोअर, आठ थ्रेड. कागदावर सारखेच, पण एकेका कोअरचं काम १२१०० जवळपास दुप्पट वेगाने करतो. शिवाय २६०० ची रेटिंग ९५ वॅटची. आज ६ वॅटचा छोटा एन१०० प्रोसेसर मिळतो आणि तो बऱ्याच रोजच्या कामात या आय७ च्या बरोबरीला येतो, यावरून काय ते समजून घे.

बोर्डाचंही बघ. एच६१ हा २०११ चा चिपसेट, म्हणजे बोर्डवरचे पार्ट एकमेकांशी जोडणारी चिप, त्याच्यावर सगळे साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) सेकंदाला ३ गिगाबिटवाले, म्हणजे साटा एसएसडी तिच्या निम्म्या वेगाने चालणार. रॅम डीडीआर३ या जुन्या प्रकारची, पुढे नवीन मशीन घेतलंस तर तिकडे उपयोग नाही. आणि विंडोज ११ ची अट आहे आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. विकणारे ही तपासणी चुकवून विंडोज ११ टाकून देतात, सुरू झालेलं दाखवतात, पण मायक्रोसॉफ्टच्या यादीत नसलेल्या मशीनला पुढची अपडेट मिळतीलच असं काही नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा मागे जायचा रस्ताही नाही.

समोर मशीन चालू असेल तर टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्सवर जा, सीपीयूचं पूर्ण नाव उजवीकडे वर दिसतं. मेमरीवर क्लिक केलंस की रॅमचा वेग आणि किती स्लॉट भरलेत तेही दिसतं. सीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो बोर्डाचं नावसुद्धा सांगतो. पाच मिनिटांचं काम आहे, आणि हे करू न देणाऱ्याकडून काहीही घेऊ नकोस.

मग घ्यायचं काय? कोडिंग शिकायला १२१०० सारखा आय३ भरपूर झाला. गेमसाठी आत्ता वेगळ्या कार्डाला पैसे नसतील तर एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी बघ, २०२१ चा आहे, सहा कोअर बारा थ्रेड आणि आतलं ग्राफिक्स हलके गेम चालवतं. मात्र त्याला रॅमच्या दोन स्टिक हव्यातच, ८-८ च्या, कारण आतलं ग्राफिक्स तीच रॅम वापरतं आणि एका स्टिकवर ते फार मागे पडतं. वर मी एक स्टिक पुरे म्हणाले ते हिशोब-टायपिंगवाल्या घरासाठी, तुझ्यासाठी नाही. नंबरच्या शेवटी एफ असलेला, जसं १२१००एफ, स्वस्त दिसला तर सांभाळून, त्याच्यात ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड लावल्याशिवाय मॉनिटरवर काहीच येणार नाही. आणि पुढे कार्ड टाकायचं मनात असेल तर एसएमपीएस आत्ताच चांगला घे, दोनदा खर्च होणार नाही.

प्रश्न: मी लहान मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. सहा मशीन लागणार आहेत, बजेट फारच कमी. नवीन बजेट ब्रँडचे घेऊ की ऑफिसमधून निघालेले रिफर्बिश्ड? जुन्याची भीती वाटते.

उत्तर: तुमच्यासाठी मी रिफर्बिश्डच, म्हणजे वापरलेली पण तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेली मशीनच म्हणेन, आणि अगदी मनापासून म्हणेन. डेलचं ऑप्टिप्लेक्स, एचपीचं एलिटडेस्क आणि प्रोडेस्क, लेनोव्होचं थिंकसेंटर, ही मशीन कंपन्यांच्या ऑफिसमध्ये दिवसभर चालावीत म्हणून बनवलेली असतात. कंपन्या काही वर्षांनी सगळीच्या सगळी एकदम बदलतात, मशीन बिघडलं म्हणून नाही तर ठरलेली मुदत संपली म्हणून. आय५-८५०० वालं मिळालं तर उत्तम, २०१८ चा प्रोसेसर, सहा कोअर, विंडोज ११ च्या यादीत बसतो. सातव्या पिढीचं अजून स्वस्त मिळेल, त्याच्या मोहात पडू नका.

जुन्याची भीती वाटणं साहजिक आहे पण जुनं तपासता येतं, हा त्याचा एक मोठा गुण आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम डिस्क किती तास चाललीय ते सांगतो, हार्डडिस्क असेल तर मी तर काढूनच टाकते आणि नवीन एसएसडी बसवते. झाकण काढून बोर्डवरचे कपॅसिटर बघा, उभे छोटे डबे असतात, त्यांची टोपी सपाट हवी, फुगलेली किंवा वर चिकट डाग असेल तर ते मशीन बाजूला ठेवा. २००० नंतरच्या काही वर्षांत असे खराब कपॅसिटर खूप बोर्डांवर लागले होते, तेव्हापासून दुरुस्तीवाल्यांची ही सवयच झालीय. चालू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन या, आधीच्या ऑफिसने पासवर्ड टाकून ठेवलेला असतो आणि तो काढून न घेता मशीन घरी आणलं तर पुढे फार डोकेदुखी होते. घड्याळ चुकीची तारीख दाखवत असेल तर घाबरू नका, आतला सीआर२०३२ चा गोल सेल बदलला की झालं. मागे पोर्ट कोणते आहेत तेही बघून घ्या, यातल्या बऱ्याच मशीनला एचडीएमआय नसतं, डिस्प्लेपोर्ट असतं, मॉनिटरची केबल त्याप्रमाणे घ्यावी लागते.

दोष एकच, पण मोठा आहे. यातल्या बऱ्याच मशीनचा एसएमपीएस आणि बोर्ड त्या कंपनीच्या स्वतःच्या मापाचा आणि कनेक्टरचा असतो, बाहेरचा नेहमीचा बसत नाही. वर मी पहिल्या वाचक ताईंना साध्या मापाचेच पार्ट बघा म्हणाले आणि इथे उलटं सांगतेय, कारण तुम्ही सहा घेताय. सहाही एकाच मॉडेलची घ्या आणि जमलं तर त्याच मॉडेलचं सातवं, बंद पडलेलं असलं तरी चालेल, पार्टसाठी म्हणून घेऊन ठेवा. एसएमपीएस गेला, रॅम गेली, फॅन गेला, सातव्यातून काढायचा आणि लावायचा, वर्ग थांबणार नाही. आधी एकच आणा, दोन आठवडे मुलांच्या हाती द्या, मग बाकीची.

प्रश्न: निवृत्त आहे. ईमेल, बातम्या, नातवंडांशी व्हिडिओवर बोलणं आणि थोडं मराठी लिखाण. मुठीएवढा मिनी पीसी मिळतो म्हणतात, एन१०० वाला. पुरेल का?

उत्तर: पुरेल काका. एन१०० हा २०२३ च्या सुरुवातीला आलेला चार कोअरचा प्रोसेसर, गरम फारसा होत नाही, आवाज जवळजवळ नाही, विजेचा डबा बाहेर अडॅप्टरच्या रूपात असतो त्यामुळे तो बिघडला तर त्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा दुसरा लावता येतो. याला रॅमचं चॅनेल एकच असतं आणि पुष्कळ मॉडेलमध्ये स्लॉटही एकच, म्हणून सुरुवातीलाच ८ जीबी घ्या, १६ मिळाली तर आनंदच. स्टोरेजच्या जागी ईएमएमसी (एसएसडीऐवजी लावलेली साधी मेमरी चिप) ६४ जीबी लिहिलं असेल तर नको. विंडोज ११ ची किमान गरजच ६४ आहे, ती अपडेटांनीच भरून जाते, आणि ती चिप बोर्डला चिकटवलेली असल्यामुळे बदलताही येत नाही.

वाचलेले पैसे मॉनिटरवर घाला. २४ इंचाचा, आयपीएस पॅनेलचा (बाजूने बघितलं तरी रंग नीट दिसणारा पडदा), कारण तुम्ही तासन् तास वाचणार आणि लिहिणार आहात, डोळ्यांना जे दिसतं ते मॉनिटरमुळे. मागे वेसाची, म्हणजे स्टँड किंवा भिंतीला बसवायची ठरलेल्या मापाची भोकं असतील तर मिनी पीसी मॉनिटरच्या पाठीलाच स्क्रूने बसतो. कॅमेरा वेगळा घ्यावा लागेल.

प्रश्न: घरी जुना डेस्कटॉप आहे, चौथ्या पिढीचा आय५, ८ जीबी. सुरू व्हायलाच खूप वेळ लागतो. स्वस्तातला नवा घेतला तर बरा पडेल का?

उत्तर: आत हार्डडिस्क असणार, ती काढून साटा एसएसडी टाका, तोच कॉम्प्युटर ओळखू येणार नाही. आतली धूळ साफ करा, प्रोसेसरवरची पेस्ट वाळली असेल तर नवी लावून घ्या. अगदी स्वस्तातल्या नव्या मशीनपेक्षा हे बहुतेक बरंच चालेल.

अडचण फक्त विंडोजची. चौथी पिढी विंडोज ११ च्या यादीत नाही. तुमचं काम ब्राउझर आणि पत्रं-हिशोबापुरतं असेल तर लिनक्स मिंट टाकून बघा, फुकट आहे, मांडणी जुन्या विंडोजसारखीच, मराठी टाइप होतं, लिबरऑफिस सोबतच येतं. पेन ड्राइव्हवरून चालू करून आधी नुसतं बघताही येतं, आतल्या डिस्कला हात न लावता. एखादं विंडोजवरच चालणारं सॉफ्टवेअर लागतच असेल तर मात्र खर्च अडवून ठेवू नका, वर सांगितलेल्या आठव्या पिढीच्या रिफर्बिश्डकडे वळा. तेव्हासुद्धा ही एसएसडी काढून त्यात लावता येईल, पैसे वाया जात नाहीत.

काढलेली हार्डडिस्क फेकू नका. चांगली असेल तर साध्या यूएसबी केसमध्ये घाला आणि त्यावर घरातल्या फोटोंची आणि रेकॉर्डिंगची दुसरी कॉपी करून कपाटात ठेवून द्या, आजच.